न मांडलेली क्यू

व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क डिव्हाइसचा कोड वाचणे, दुरुस्त करणे आणि इतरांनी केलेली दुरुस्ती तपासणे हे माझे रोजचे काम. या कामात माझे एक मत पक्के होत गेले आहे. गेस्टने, म्हणजे मशीनच्या आत चालणाऱ्या सिस्टिमने, अजून न मांडलेली क्यू ही डिव्हाइसच्या आयुष्यातली नेहमीची अवस्था आहे. तिला चूक समजून किंवा ‘असे कधी होणारच नाही’ असे गृहीत धरून लिहिलेला कोड आज ना उद्या कोसळतो. एसटी स्टँडवर तिकिटाच्या खिडकीसमोर रांग नसणे वेगळे आणि खिडकीच उघडलेली नसणे वेगळे. रिकामी क्यू आणि न मांडलेली क्यू यांतला फरक तोच आहे. तो कोडमध्ये स्पष्ट लिहिलेला दिसावा, असा माझा आग्रह असतो.

ही अवस्था इतकी नेहमीची का, हे व्हर्टआयओ या व्हर्च्युअल डिव्हाइसच्या मानकाची रचना पाहिली की कळते. रस्टी रसेल यांनी २००८ च्या आपल्या लेखात मांडलेल्या या रचनेत गेस्ट आणि होस्ट यांच्यातली पॅकेटची देवाणघेवाण गेस्टच्याच मेमरीतून होते. प्रत्येक क्यूचे तीन भाग असतात: डिस्क्रिप्टरचा तक्ता, गेस्टने देऊ केलेल्या बफरची रिंग आणि होस्टने वापरून परत केलेल्या बफरची रिंग. एक डिस्क्रिप्टर १६ बाइटचा असतो. त्यात ८ बाइट बफरचा पत्ता, ४ बाइट लांबी आणि उरलेल्या ४ बाइटमध्ये फ्लॅग व पुढच्या डिस्क्रिप्टरचा क्रमांक. हे सगळे मेमरीत कुठे आहे, ते गेस्टचा ड्रायव्हर सांगतो. त्याने सांगेपर्यंत होस्टकडच्या नोंदीत पत्त्याच्या जागी शून्य असते. मशीनला क्यूच्या चार जोड्यांचे कार्ड दिले, तर चार घेण्याच्या, चार पाठवण्याच्या आणि एक नियंत्रणाची अशा नऊ क्यूंची नोंद होस्टकडे तयार असते, मग गेस्ट त्या वापरो अगर न वापरो. नेटवर्कवरून बूट करणारा आयपीएक्सईचा छोटा ड्रायव्हर यांतली एकच जोडी मांडतो. म्हणजे अगदी शहाण्यासारखे वागणाऱ्या मशीनमध्येही बूट होताना बाकीच्या क्यू तशाच पडून असतात. रीसेटनंतर तर सगळ्याच क्यू पुन्हा कोऱ्या होतात.

हे गृहीत न धरल्याचा परिणाम क्यूईएमयू या इम्युलेटरमधल्या सीव्हीई-२०१७-१७३८१ या दोषात दिसतो. जुन्या पद्धतीत गेस्ट क्यूच्या सुरुवातीचाच पत्ता देतो आणि दोन्ही रिंगांचे पत्ते होस्ट हिशेबाने काढतो. शेवटची रिंग ठरावीक अलाइनमेंटवर सुरू व्हावी म्हणून पत्ता पुढच्या पटीपर्यंत न्यायचा असतो, म्हणजे अलाइनमेंटने भागायचे आणि पुन्हा तिनेच गुणायचे. पीसीआयच्या जुन्या पद्धतीत हा आकडा ४०९६ ठरलेला आहे. एमएमआयओच्या जुन्या पद्धतीत मात्र तो गेस्ट रजिस्टरमध्ये लिहितो. तिथे त्याने शून्य लिहिले की भागाकार शून्याने होतो आणि क्यूईएमयूची प्रोसेस, पर्यायाने अख्खे मशीन, जागच्या जागी बंद पडते. दुरुस्तीचा गाभा जेमतेम एक अट होती: क्यूचा आकार, पत्ता आणि अलाइनमेंट यांपैकी काहीही शून्य असेल तर क्यू मांडलेली नाही असे समजून काही न करता परत फिरायचे. अट छोटी आहे, पण तिच्यामुळे ‘अजून मांडलेली नाही’ या अवस्थेला कोडमध्ये हक्काची जागा मिळाली.

अशी अट एका ठिकाणी घातली म्हणून काम संपत नाही. पॅकेट हाताळण्याचे काम आपल्याबाहेरच्या व्हीहोस्ट या घटकाकडे सोपवताना क्यूईएमयू प्रत्येक क्यू सुरू करतो आणि डिस्क्रिप्टरचा पत्ता शून्य दिसला तर ती सोडून देतो. लाइव्ह मायग्रेशनसाठी मेमरीतल्या बदलांची नोंद चालू करणाऱ्या वाटेवर मात्र हीच तपासणी नव्हती. ती २०२० मध्ये घातली गेली. प्रश्न एकच, पण तो प्रत्येक वाटेवर नव्याने विचारावा लागला की एखादी वाट सुटतेच. शिवाय शून्य पत्ता ही खूणही लंगडी आहे. मेमरीत शून्य हाही खरा पत्ता असू शकतो. व्हर्टआयओ १.० मध्ये क्यू चालू झाल्याचे सांगायला वेगळे रजिस्टर आले, ते म्हणूनच मला योग्य वाटते. क्यू तयार आहे की नाही, हे पत्त्यावरून ताडण्यापेक्षा थेट विचारता आले पाहिजे, आणि ते विचारणारे फंक्शन एकच असले पाहिजे.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते घेणारी माणसे जाणकार असतात. पहिला आक्षेप वेगाचा: दर पॅकेटमागे आणखी एक तपासणी कशाला? पण खरी तपासणी क्यू मांडताना, सुरू करताना आणि गेस्टकडून सूचना आल्यावर करायची असते, आणि एका सूचनेमागे अनेक पॅकेट येऊ शकतात. दुसरा आक्षेप नियमाचा: ड्रायव्हर तयार असल्याचे सांगण्यापूर्वी त्याने सूचना पाठवू नये असे स्पेसिफिकेशनच सांगते, मग होस्टने काळजी का करावी? कारण नियम पाळणाऱ्यांनाच नियम बांधतो. होस्टच्या कोडला तर नियम मोडणाऱ्या गेस्टसमोरही उभे राहावे लागते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गेस्टने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला तर नुकसान त्याचेच. एका मशीनमागे एक प्रोसेस असेल तिथे हे बरेचसे खरे आहे. पण डीपीडीके या लायब्ररीवर चालणारा व्हर्च्युअल स्विच एकाच प्रोसेसमधून अनेक मशीनची पॅकेट हाताळतो. तिथे एका गेस्टच्या अर्धवट क्यूमुळे प्रोसेस पडली, तर शेजारच्या निरपराध मशीनचेही नेटवर्क जाते.

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुकाट्याने परत फिरणारा कोड ड्रायव्हरमधले दोष लपवतो, असे काही जण म्हणतात. सगळ्याच चुकांना तेच उत्तर दिले, तर त्यांचे म्हणणे बरोबर ठरेल. म्हणून उत्तरे तीन हवीत. क्यू मांडलेलीच नसेल तर काही करायचे नाही. फार तर गेस्टच्या चुकांच्या लॉगमध्ये नोंद करायची. क्यू मांडली आहे पण तिच्यातले आकडे अशक्य आहेत, तर डिव्हाइस नादुरुस्त ठरवून गेस्टकडे रीसेट मागायचा. अशा वेळी क्यूईएमयू एके काळी सरळ बाहेर पडत असे. आता व्हर्टआयओच्या चुकांसाठी त्यातही रीसेट मागण्याचाच मार्ग आहे. आणि असर्ट राखून ठेवायचा तो आपल्याच कोडच्या गृहीतकांसाठी. गेस्टने लिहिलेल्या आकड्यावर असर्ट लावणे म्हणजे होस्टची प्रोसेस बंद करण्याचे बटण गेस्टच्या हाती देणे.

नेटवर्क डिव्हाइसचा कोणताही पॅच वाचताना मी एक प्रश्न आधी विचारतो: गेस्टने एकही क्यू मांडली नसताना हे फंक्शन चालले, तर काय होईल? उत्तर पॅच लिहिणाऱ्याने द्यावे, आणि एकही क्यू न मांडता प्रत्येक रजिस्टरमध्ये लिहून पाहणारी चाचणी सोबत जोडावी. तेवढे झाल्याशिवाय तो पॅच पूर्ण झाला, असे मी मानत नाही.