मल्हारगडावरचा वाटाड्या

सिंहगडावर रविवारी काय गर्दी असते, ते पुण्याच्या मुलांना सांगायला नको. कांदाभजी खायची, मडक्यातलं दही चाटूनपुसून संपवायचं आणि उतरायचं! पण सिंहगड ज्या भुलेश्वर रांगेवर आहे, त्याच रांगेवर पूर्वेकडे एक छोटासा किल्ला गुपचूप बसला आहे. त्याचं नाव मल्हारगड. पायथ्याच्या सोनोरी गावावरून त्याला सोनोरीचा किल्ला असंही म्हणतात.

दोस्तांनो, मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांपैकी हा सर्वांत शेवटचा मानतात. १७५७ साली काम सुरू झालं, १७६० साली पुरं झालं आणि १७६१च्या जानेवारीत पानिपत झालं. म्हणजे चुना वाळतोय न वाळतोय तोच दिवस फिरले. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो बांधला, दिवे घाटावर नजर ठेवण्यासाठी. सोनोरीत पानशांची गढी आहे आणि मुरलीधराचं देऊळ आहे. देवळातली काळ्या पाषाणाची मूर्ती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सासवडहून सोनोरी सहा-एक किलोमीटर.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझा बारा वर्षांचा भाचा आणि त्याचे दोन मित्र. गाव सोडताना पाचवा येऊन मिळाला. तांबूस अंगाचा, एक कान मोडलेला गावठी कुत्रा. कुणी बोलावलं नव्हतं. एका आजींनी ओट्यावरूनच सांगितलं, "जाऊ द्या त्याला. रोज कुणाबरोबर तरी जातंय."

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पायथ्याच्या गावातली कुत्री आपणहून बरोबर येतात, वर पोचवतात आणि घासभर भाकरीवर खूश होतात. तरी एक लक्षात ठेवा. अनोळखी कुत्र्याच्या अंगाला आपणहून हात लावायचा नाही. चुकून चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे मोठ्यांपासून लपवालपवी नको.

वाट सोपी आहे. आधी शेतं, मग पिवळं पडलेलं गवत, मग मुरमाचा चढ. गडाची उंची समुद्रसपाटीपासून ३१०० फुटांच्या आसपास असली, तरी सोनोरी गावच मुळात उंचावर वसलंय, त्यामुळे दमछाक फार होत नाही. आमचा वाटाड्या वीस पावलं पुढे जायचा, थांबायचा, वळून बघायचा. "या की लवकर!" असंच जणू म्हणायचा. पोरांनी त्याला 'साहेब' नाव ठेवलं.

अर्ध्या चढावर मात्र साहेबांची जीभ हातभर बाहेर आली. आपल्याला घाम येतो आणि अंग थंड होतं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंज्यांच्या तळव्यांना, नावापुरता. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जिभेवरचं, तोंडातलं पाणी हवेत उडून जातं आणि शरीर निवतं. म्हणजे पाणी त्यालाही भरपूर लागतं, आणि त्याच्या पाठीवर काही बाटली नसते! भाच्याने डब्याचं झाकण उलटं केलं आणि त्यात पाणी ओतलं. लप् लप् लप्, तीन झाकणं. गडावरच्या विहिरींच्या भरवशावर राहू नका, घरूनच जास्तीचं पाणी न्या. कुत्रा बरोबर असेल तर चॉकलेट मात्र दाखवूसुद्धा नका, त्याच्यासाठी ते विष असतं. आणि उन्हाळ्यात त्याला मोकाट धावू देऊ नये. टिटवी तेव्हा उघड्या जमिनीवरच अंडी घालते.

वर पोचलो. गडाचा बाहेरचा तट तीनकोनी, आतला बालेकिल्ला चौकोनी. आत दोन देवळं आहेत, एक महादेवाचं आणि एक खंडोबाचं. खंडोबा म्हणजेच मल्हारी, त्यावरून मल्हारगड. तुम्ही जेजुरीच्या खंडोबाचं चित्र पाहिलं असेल, तर त्यात घोड्याबरोबर धावणारा कुत्राही पाहिला असेल. खंडोबाचे भक्त वाघ्या स्वतःला त्याचा कुत्राच म्हणवून घेतात. आमचे साहेब सरळ देवळाच्या सावलीत जाऊन पसरले. त्यांचा हक्कच तो!

तटावरून दक्षिणेला पुरंदर आणि वज्रगडाची जोडी दिसते. आम्ही भाकरी खाल्ली, साहेबांनाही त्यांचा वाटा मिळाला.

आता खरा प्रश्न आला. बेत होता झेंडेवाडीला उतरायचा. तिथून दिवे घाटाचा रस्ता जवळ, पुण्याची गाडी लगेच मिळते. पण आम्ही त्या वाटेला लागलो, तसा साहेब पुन्हा पुढे!

"मामा, हा तिकडे गेला तर परत कसा येणार?" भाच्याने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. परक्या गावात शिरलेल्या एकट्या कुत्र्यावर तिथली टोळी तुटून पडते. आम्ही गाडीत बसलो असतो आणि तो रस्त्यावर राहिला असता. पोरांनी त्याला हाकलून पाहिलं. त्याला तो खेळ वाटला. एकाने खडा उचलला, पण भाच्याने त्याचा हात धरला.

मग एकच उपाय होता, आल्या वाटेने सोनोरीला परत. पुण्याची गाडी हुकणार, सासवडला ताटकळावं लागणार, घरी बोलणी बसणार. पोरांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिलं आणि तिघंही मागे वळले. कुणी कुरकुर केली नाही.

गावात शिरताच साहेबांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका ओसरीखाली अंग टाकलं आणि डोळे मिटले. तेवढ्यात पाठीवर पिशव्या लावलेली कॉलेजची पाच-सहा मुलं रस्त्याने आली. एक डोळा उघडला. मोडका कान हलला. साहेब उठले, अंग झटकलं आणि त्यांच्या पुढे चालू लागले.