पंधरा कोटींची मिरची

नंदुरबारच्या एका मिरची व्यापाऱ्याकडे ते हिशेब लिहितात, म्हणून टपरीवर सगळे त्यांना मुनीमजी म्हणतात. ओली लाल मिरची बाजार समितीत येते, बोली लागते, माल पथारीवर वाळत पडतो आणि वाळता वाळता वजन उतरते. ही घट घेतानाच भावात धरावी लागते. थंडीचे हे दिवस म्हणजे मिरचीचा भर हंगाम. आयपीएलचे संघ कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, कोणाची अदलाबदल करायची हे ठरवतात तेही साधारण याच दिवसांत. त्यामुळे संध्याकाळी मुनीमजींसमोर चहा आला की दोन्ही बाजार एकाच तोंडाने बोलले जातात.

मुनीमजी मुंबई इंडियन्सचे. आता नंदुरबारकराने मुंबईचे का व्हावे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. उधना-जळगाव लोहमार्गामुळे सुरत जवळची. सोयरीकही तिकडे, रोजगारही तिकडे. जिल्ह्यातला मुलगा क्रिकेटमध्ये पुढे गेलाच तर तो पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या वाटेने जाणार, मुंबईच्या नाही. गुजरात टायटन्स 2022 साली आली आणि पहिल्याच हंगामात जिंकली, तेव्हा मुनीमजींचा सुरतेला कापड मार्केटमध्ये काम करणारा आतेभाऊ तत्काळ तिकडे गेला. त्याचा कप्तान हार्दिक पंड्या तर मूळ सुरतेचाच.

मग आला नोव्हेंबर 2023. खानदेशात अवकाळी पाऊस झाला होता आणि पथारीवरचा माल झाकण्याची धावपळ सुरू होती. अशात 26 तारखेला गुजरातने कायम ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत हार्दिकचे नाव आले आणि दुसऱ्या दिवशी तो मुंबईचा झाल्याचे जाहीर झाले. किंमत 15 कोटी. तेवढी जागा खिशात करायला मुंबईने कॅमेरॉन ग्रीनला 17.50 कोटींना बंगळुरूकडे दिले. आतेभावाचा फोन आला. “दादा, आमचा कप्तान पळवला तुम्ही.”

मुनीमजींनी त्याला जे ऐकवले ते पुढे टपरीवर किती वेळा ऐकवले असेल कोण जाणे. हार्दिक मुळात मुंबईचाच माल. 2015 साली 10 लाखांना घेतलेला. 2022 च्या मोठ्या लिलावाआधी चारच खेळाडू ठेवता येत होते. मुंबईने रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड ठेवले, हार्दिक सुटला. मग त्या लिलावात ईशान किशनवर 15.25 कोटी घातले आणि त्या हंगामात खेळूच न शकणाऱ्या जोफ्रा आर्चरवर 8 कोटी. त्या वर्षी संघ दहावा आला. “चूक तेव्हा झाली. आत्ता फक्त भरपाई केली,” हे मुनीमजींचे मत. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा रोज धावून झाले की टपरीवर येतो. त्याला हे अजिबात पटले नाही. “काका, हिसाब सोडा. माणूस पाहा.”

15 डिसेंबरला मुंबईने रोहितच्या जागी हार्दिकला कप्तान केले आणि माणूस पाहावाच लागला. रोहितने 2013 ते 2020 या काळात पाच विजेतेपदे आणली होती. इथे मुनीमजींनी एक भेद केला, तो टपरीवर आजही पूर्ण पचलेला नाही. त्यांच्या मते खरेदी वेगळी आणि कप्तानी वेगळी. खरेदी बरोबर होती. तिच्या पाठोपाठ अठरा दिवसांत कप्तानी काढणे हा उतावळेपणा होता. पोरांना मात्र हे एकच गाठोडे वाटत होते, आणि एप्रिलमध्ये वानखेडेवर आपल्याच कप्तानाची हुर्यो उडाली तेव्हा त्यांना आपण जिंकल्यासारखे वाटले. त्या हंगामात मुंबई चौदापैकी चार सामने जिंकून पुन्हा तळाला गेली.

खरी मजा 2025 नंतर आली. मुनीमजींनी हिशेबाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने मांडले. रोहितच्या रकान्यात 2022: चार विजय, दहावा क्रमांक, 2023: अहमदाबादला दुसऱ्या क्वालिफायरमध्ये पराभव. हार्दिकच्या रकान्यात 2024: चार विजय, दहावा क्रमांक, 2025: अहमदाबादला दुसऱ्या क्वालिफायरमध्ये पराभव. मैदानसुद्धा तेच! भरतीवाल्या पोराने वही दोनदा पाहिली आणि म्हणाला, म्हणजे बदलून उपयोग काय झाला? तिकडे मुनीमजी विचारत होते, म्हणजे बदलून नुकसान काय झाले? एकाच पानावरून दोघांनी दोन निकाल लावले आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. आतेभावाला यातले काही ऐकायचे नव्हते, कारण 2025 ला एलिमिनेटरमध्ये मुंबईने गुजरातलाच घरी पाठवले होते.

नव्या पोरांच्या बाबतीत मात्र मुनीमजी गप्प होतात, आणि हे त्यांना शोभते. कोवळ्या खेळाडूवर बोली लावणे म्हणजे ओली मिरची घेणे. सुकल्यावर किती उतरेल याचा अंदाज असतो, खात्री नसते. तुळजापूरकडच्या राजवर्धन हंगर्गेकरवर चेन्नईने 2022 ला दीड कोटी लावले, तेव्हा टपरीवर सगळे खूश होते. पुढे त्याला मोजकेच सामने मिळाले. उलट विरारचा आयुष म्हात्रे 2025 च्या हंगामाआधी जेद्दाला झालेल्या लिलावात कोणी घेतलाच नाही. ऋतुराज गायकवाड जखमी झाला म्हणून चेन्नईने तो 30 लाखांत घेतला आणि पहिलाच सामना खेळला तो वानखेडेवर, मुंबईविरुद्ध: 15 चेंडूंत 32. मुंबईच्या दारातला पोरगा मुंबईच्या माणसांना कसा दिसला नाही, यावर मुनीमजींकडे उत्तर नाही. तिलक वर्मा हैदराबादचा, तो मात्र 1.70 कोटींत दिसला. शोधणाऱ्यांची नजर घराबाहेर जास्त चालते की काय, अशी शंका एका गिऱ्हाइकाने काढली आणि तिच्यावर दुसरा चहा झाला.

डिसेंबर 2025 च्या अबुधाबीच्या लिलावात मुंबईच्या खिशात अवघे 2.75 कोटी होते. शार्दूल ठाकूर आधीच लखनौकडून 2 कोटींत आलेला. पालघरचा असल्याने त्याच्यावर वाद झाला नाही. क्विंटन डिकॉक 1 कोटीत परत आला. त्याच दिवशी ग्रीनवर कोलकात्याने 25.20 कोटी लावले. छोट्या लिलावात परदेशी खेळाडूला 18 कोटींहून जास्त मिळू शकत नाहीत, वरची रक्कम क्रिकेट मंडळाकडे जाते, हा नियम मुनीमजींनी सगळ्यांना समजावला. पोरगा म्हणाला, म्हणजे ग्रीन ठेवला असता तर फायदाच होता. मुनीमजींनी त्याला ग्रीनच्या पाठीच्या ऑपरेशनची आठवण करून दिली: 2025 चा अख्खा हंगाम ग्रीन बाहेर होता. मग डिकॉकवर गाडी आली. संघात रिकल्टन असताना आणखी एक डावखुरा सलामीचा यष्टिरक्षक कशाला, असे भरतीवाल्याचे म्हणणे. कोटीत 2019 आणि 2020 चा विजेता सलामीवीर मिळतो तर दुसरा का बसवू नये, असे मुनीमजींचे. टपरीवाल्याने शटर अर्धे खाली ओढले तरी दोघे रिकल्टनवरच होते.