फ्रान्सच्या घाटवाटांवर सायकलने

फ्रान्स म्हटले की आपल्याकडील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पॅरिस उभे राहते, आणि फ्रान्स व सायकल हे दोन शब्द एकत्र आले की आल्प्सच्या चढणीवर जिवाच्या आकांताने पायडल मारणारे शर्यतीचे गडी आठवतात. त्या देशाच्या पोटात ‘मासिफ सांत्राल’ या नावाचा जो विस्तीर्ण, जुनाट, ज्वालामुखींनी घडविलेला डोंगराळ मुलूख पसरलेला आहे, त्याकडे परदेशी प्रवाशांची दृष्टी सहसा वळत नाही. या मुलखाच्या पूर्वेकडील व आग्नेयेकडील कडेने, सेंत-एत्येन या उद्योगनगरीपासून दक्षिणेस सें-झां-द्यु-गार या गावापर्यंत, एका सप्टेंबर महिन्यात मी एकट्याने सायकलवर प्रवास केला. सात दिवसांत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास मजल झाली. तरुण वाचकांस हा आकडा हास्यास्पद वाटेल. त्यांनी नकाशावरील अंतर न मोजता चढ मोजावेत, एवढीच विनंती आहे.

एकट्याने का, असे जाण्यापूर्वी घरात सर्वांनी विचारले. सोबत असली म्हणजे मनुष्य सोबत्याशी बोलतो, गावाशी बोलत नाही, हा माझा जुना अनुभव. शिवाय एकटा प्रवासी दाराशी उभा राहिला की आतली माणसे कशी आहेत ते लगेच कळते. टोळी उभी राहिली तर फक्त हॉटेलचा दर कळतो.

सेंत-एत्येन सोडताच पहिला घाट लागतो, कोल द ला रेप्युब्लीक. उंची ११६१ मीटर. १९०३ साली पहिली ‘तूर द फ्रान्स’ निघाली तेव्हा शर्यतवाल्यांना हा घाट ओलांडावा लागला होता. माथ्यावर पॉल द व्हिवी या गृहस्थाचे स्मारक आहे. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो सर्व फ्रान्सला ठाऊक होता. १८५३ साली जन्मलेल्या या माणसाने सेंत-एत्येनमध्ये सायकलींचा व्यवसाय केला, १८८७ पासून सायकलस्वारांसाठी नियतकालिक चालविले, आणि चढावर वेगवेगळे गिअर बदलण्याची सोय सायकलीस असावी म्हणून जन्मभर वाद घातला. शर्यतींचे चालक त्या सोयीस दुर्बळांचे लाड समजत. ‘तूर’मध्ये गिअर बदलणाऱ्या यंत्राला परवानगी मिळाली ती १९३७ साली, म्हणजे व्हेलोसिओ निवर्तल्यावर सात वर्षांनी. आपल्या वाचकांस विशेष वाटावे असे की, रात्रंदिवस शेकडो किलोमीटर सायकल चालविणारा हा मनुष्य कट्टर शाकाहारी होता. मांसाशिवाय अंगात बळ कोठून येणार, असे मला वाटेत निदान चौघांनी विचारले. फ्रेंच माणसाला व्हेलोसिओचे नाव सांगितले की तो वाद तेथेच मिटतो.

घाट उतरून पुन्हा चढत, पाइन वृक्षांच्या गर्द रांगांतून, दुसऱ्या दिवशी दुपारी मी ल शांबों-स्युर-लिन्यों येथे पोहोचलो. गाव सुमारे हजार मीटर उंचीच्या पठारावर आहे. दगडी घरे, उतरती छपरे, नदी, एक साधे प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिर. दारावर बायबलातील परस्परप्रेमाचे वचन कोरलेले. पाहण्यासारखे असे डोळ्यांना काहीच नाही, आणि तरी सबंध प्रवासात मी सर्वांत अधिक वेळ थांबलो तो येथेच.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्सने जर्मनीपुढे शरणागती पत्करली. त्याच आठवड्यात येथील धर्मोपदेशक आंद्रे त्रोक्मे व त्यांचे सहकारी एदुआर तैस यांनी आपल्या मंडळीस सांगितले की, सदसद्विवेकाविरुद्ध जाणारी आज्ञा आली तर ती आपण शस्त्राविना, पण निश्चयाने नाकारू. पुढील हिवाळ्यात त्रोक्मे यांच्या घराचे दार एका जर्मन ज्यू स्त्रीने ठोठावले. त्यांच्या पत्नी माग्दा यांनी तिला आत घेतले व मदतीसाठी गावच्या अधिकाऱ्याकडे गेल्या. तो म्हणाला, तिला घालवून द्या. त्यांनी ते ऐकले नाही. त्यानंतर चार वर्षे या पठारावरील गावांतून, शेतघरांतून, मुलांच्या वसतिगृहांतून ज्यू निर्वासित लपविले गेले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पोलीस मोटारगाड्या घेऊन आले. त्यांनी यादी मागितली; त्रोक्मे यांनी ती दिली नाही. शोध घेऊन गाड्या जवळजवळ रिकाम्याच परत गेल्या. १९४३ च्या आरंभी त्रोक्मे, तैस व शाळेचे मुख्याध्यापक यांना काही आठवडे स्थानबद्धतेत काढावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये एका वसतिगृहावर छापा पडला, आणि तेथील तरुण विद्यार्थ्यांबरोबर त्यांचा सांभाळ करणारा दानियेल त्रोक्मे, हा आंद्रे यांचा नातलग, पकडला गेला. मायदानेकच्या छळछावणीत १९४४ साली तो मरण पावला. १९९० साली इस्रायलच्या ‘याद वाशेम’ संस्थेने हे गाव व आसपासचा सारा परिसर यांचा एकत्र गौरव केला. एकेका व्यक्तीस मिळणारा हा मान सबंध परिसरास मिळणे ही विरळा गोष्ट होय.

येथील स्मृतिसंग्रहालय २०१३ साली उघडले. मी आत दीड तास होतो. बाहेर आल्यावर एका बाकावर बसलो असता शेजारी एक वृद्ध बाई येऊन बसल्या. मोडक्या फ्रेंचमध्ये मी त्यांना विचारले की, त्या दिवसांबद्दल घरात काय बोलले जाई? त्या म्हणाल्या, काही बोलत नसत. आईने कधी विषयच काढला नाही; जेवणाच्या मेजाशी एक ताट अधिक असे, एवढे लहानपणी ऐकले. मग त्यांनी माझ्या सायकलीच्या मागील चाकातली हवा कमी असल्याचे मला दाखवून दिले आणि त्या उठून गेल्या.

ल प्युई या शहराचे वर्णन थोडक्यात आटोपतो. कारण ते सर्व प्रवासपुस्तकांत आढळते. ज्वालामुखीचे सुळके, त्यांपैकी एकावर दहाव्या शतकातले चिमुकले देवालय, त्यास २६८ पायऱ्या; दुसऱ्यावर मेरीमातेची प्रचंड मूर्ती, सेव्हास्तोपोलच्या लढाईत हाती आलेल्या २१३ तोफा वितळवून ओतलेली व १८६० साली उभारलेली. तोफांची देवी करणे हा उपयोग वाईट नव्हे, पण मूर्ती मात्र मला बेढब वाटली. मला ल प्युईची गोडी लागली ती तेथील हिरव्या मसुरीमुळे. काळपट हिरवी, बारीक, शिजून न फुटणारी ही मसूर ज्वालामुखीच्या मातीत होते आणि तिच्या नावास कायद्याचे संरक्षण आहे. तिकडे ती खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर वाढतात. मी नुसतीच मागितली तेव्हा वाढप्याने स्वयंपाकघरात जाऊन काही चर्चा केली, आणि कांदा, गाजर व तेजपत्ता घातलेली निराळी शिजवून आणली. फोडणी नव्हती, पण चौथ्या दिवशी डाळ पाहून मला जे वाटले ते घर सोडून गेलेल्यांनाच समजेल.

पुढे ल मोनास्त्ये. येथून १८७८ सालच्या सप्टेंबरात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा स्कॉच लेखक एका गाढवीसह बारा दिवसांच्या पायी प्रवासास निघाला आणि त्यावर त्याने पुस्तक लिहिले. पासष्ट फ्रँक व एक पेला ब्रँडी अशी गाढवीची किंमत पडली होती. माझा यापुढील मार्ग बहुतांशी त्याचाच. गूदे या गावी खोल दरीत उतरून लुआर नदी ओलांडावी लागते. एवढी मोठी नदी येथे अगदी लहान आहे. भूमध्य समुद्र तिच्या उगमापासून अवघा दीडशे किलोमीटरांवर असताना ती पाठ फिरवून उत्तरेस निघते आणि हजाराहून अधिक किलोमीटर वाहून अटलांटिकास मिळते. त्र्यंबकास उगम पावून पश्चिम समुद्राकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या गोदावरीच्या लेकरांस यात नवल वाटू नये. नवल वाटते ते पलीकडच्या चढाचे. तेथे स्टीव्हन्सनची गाढवी अडून बसली होती. मी तिचे मन पूर्ण जाणतो.

लांगोन्यपासून लोझेर जिल्हा सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे सुमारे १,४०,००० लोक राहत. आज ८०,००० देखील नाहीत, आणि फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील सर्वांत विरळ वस्तीचा जिल्हा तो हाच. वस्त्यांतून जाताना बंद घरे दिसतात. काहींची छपरे शाबूत, खिडक्यांची दारे रंगविलेली. उन्हाळ्यात पंधरा दिवस मुले-नातवंडे येतात म्हणून. काही मात्र नुसत्या भिंती, आत एल्डरची झुडपे. कोकणात कुलूप लावलेले माजघर ज्याने पाहिले आहे त्यास हे दृश्य अनोळखी नाही. एका रात्री मी ज्यांच्याकडे मुक्काम केला त्या बाईंच्या घरी पूर्वी चौदा माणसे जेवत. आता त्या व त्यांचा एक मुलगा. पाहुण्यांसाठी खोल्या ठेवल्या म्हणून घरात चूल पेटते, असे त्या म्हणाल्या. प्रवाशांमुळे डोंगर बिघडतो असे शहरात बसून लिहिणे सोपे आहे. त्या चुलीपुढे बसून मला ते लिहिणे कठीण वाटले. त्यांनी ‘आलिगो’ केला होता: कुस्करलेल्या बटाट्यात ताजे चीज घोटून घोटून त्याची हातभर तार निघेपर्यंत आटविलेला पदार्थ. चीज कशाने विरजतात, हा प्रश्न आचारनिष्ठ वाचकांनी मला विचारू नये.

सहावा दिवस मों लोझेरचा. १६९९ मीटर उंचीचा हा ग्रॅनाइटचा डोंगर म्हणजे सुळका नव्हे, पालथी घातलेली मोठी परात. त्याच्या उत्तर अंगाच्या वस्त्यांत एक विशेष वास्तू आढळते. ले ब्लेमारहून वाट वाकडी करून ऊल्ते या वाडीस मी तेवढ्यासाठी गेलो. साधा दगडी स्तंभ, वर कमानीत एक घंटा. देऊळ नाही, पूजा नाही. हिवाळ्यात बर्फाचे वादळ उठले किंवा धुके दाटले म्हणजे गावकरी ही घंटा आळीपाळीने तासन्‌तास वाजवीत, डोंगरावर कोणी चुकला असेल तर त्याला आवाजाच्या रोखाने येता यावे म्हणून. कोणी चुकला आहे हे ठाऊक नसतानाही वाजवीत.

दुपारी घाट चढू लागलो तेव्हा ऊन होते. झाडे संपली आणि धुके आले. ते पावसासारखे येत नाही. मागे पाहिले तर मागचा रस्ता नाही, एवढेच कळते. कोल द फिनिएलची उंची १५४१ मीटर आहे. शेवटचे तीन किलोमीटर मी रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ व बर्फात रस्ता कळावा म्हणून रोवलेले खांब यांच्या आधाराने सायकल हातात धरून चाललो. चालवीत राहिलो असतो तर समोरून येणाऱ्या मोटारीस मी दिसलो नसतो. डावीकडून घंटांचा आवाज येऊ लागला, पुष्कळ, लहानमोठ्या. मेंढ्यांचा कळप होता. उन्हाळ्यासाठी वर आणलेले कळप सप्टेंबरात खाली नेतात. मेंढ्या दिसल्या नाहीत, मेंढपाळही दिसला नाही. त्याने शीळ घातली, मी सायकलची घंटी वाजविली, पुन्हा शीळ आली. असे पाच-सात वेळा झाले. मग आवाज लांब गेला. त्या पावसाळी अंधुकतेत मला भय वाटले नाही असे लिहिले तर ते खरे होणार नाही. परंतु शीळ ऐकेपर्यंत जेवढे वाटत होते तेवढे नंतर वाटले नाही.

उतारावर बोटे गारठून ब्रेक दाबता येईना. फिनिएल वाडीत पहिल्या घराचे दार ठोठावले. दार उघडणाऱ्या गृहस्थाने माझ्याकडे पाहिले, काहीएक न विचारता सायकल गोठ्यात नेली आणि मला शेगडीपुढे बसविले. वाळवलेल्या चेस्टनटचे दुधातले सूप त्यांच्या चुलीवर तयार होतेच. निघताना पैसे पुढे केले तेव्हा ते हसले. रागावले असते तर बरे, असे मला झाले.

खाली तार्न नदीच्या काठी ल पों-द-मोंव्हेर हे गाव. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, आणि या डोंगरांत रानावनात चोरून प्रार्थना सुरू झाल्या. पकडलेल्यांना दु शायला नावाचा धर्माधिकारी या गावातल्या घरात डांबून छळीत असे. २४ जुलै १७०२ च्या रात्री जमाव आला, बंदी सोडविले आणि दु शायलाला ठार मारले. तेथून ‘कामिसार’ बंड पेटले. उत्तरादाखल राजाच्या सैन्याने १७०३ मध्ये साडेचारशेवर गावे व वाड्या जाळल्या. धर्मछळाची तीच आठवण पोटात बाळगणाऱ्या प्रॉटेस्टंटांच्या वंशजांनी, शांबोंच्या पठारावर व या सेव्हेनच्या दऱ्यांतही, १९४२ नंतर परधर्मीयांना घरात लपविले. एकाच आठवणीतून एकदा खंजीर निघावा व एकदा दार उघडावे, याचे कारण मी पुलावर बसून पुष्कळ शोधले. शहाण्या इतिहासकारांना ते सापडले असेल. मला एवढेच दिसले की १७०२ मध्ये दाराबाहेर उभा होता तो छळणारा, आणि १९४२ मध्ये छळलेला.

शेवटचा दिवस म्हणजे इनामच. फ्लोराकहून चढ चढला की ‘कोर्निश’ रस्ता डोंगराच्या धारेवरून पन्नासएक किलोमीटर धावतो, दोन्ही अंगांस दऱ्यांच्या निळ्या लाटा. हा सारा प्रदेश १९७० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. ल पोंपिदूनंतर चेस्टनटची जुनी बने लागतात. येथे त्यास भाकरीचे झाड म्हणत. डोंगरात गहू पिकत नसल्याने हिवाळाभर याच फळावर कुटुंबे जगत. पायऱ्यापायऱ्यांची शेते आता झुडपांनी भरली आहेत, पण रचलेले बांध अद्याप ताठ उभे आहेत. त्याखाली तुतीची झाडे दिसू लागली, रेशमाच्या दिवसांची खूण. एकोणिसाव्या शतकात येथील रेशमाच्या किड्यांना रोग जडला, तेव्हा लुई पाश्चर १८६५ पासून काही वर्षे जवळच्या आलेस गावी येऊन त्याचा शोध करीत राहिला.

सें-पिएर खिंड ५९६ मीटरांवर. ती ओलांडताच वाऱ्याला कोरडा, उष्ण, दक्षिणेचा वास आला. संध्याकाळी साडेपाचला सें-झां-द्यु-गारच्या पुलाशी सायकल टेकवली. स्टीव्हन्सनने गाढवी विकली ती याच गावी, खोगिरासह पस्तीस फ्रँकांना. मी तेथल्या दुकानातून पेलार्दों नावाचे बकरीच्या दुधाचे चीज व पाव घेतला आणि नदीच्या वाळूवर बसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तावीस किलोमीटरवरील आलेस येथे मला आगगाडी गाठावयाची होती.