कोपरचा वरचा मजला

कोपर स्टेशनला वरचा मजला आहे, हे डोंबिवलीत जन्म काढलेल्या कित्येकांना माहीत नसतं. खाली आपली नेहमीची लोकल. तिच्या डोक्यावरून आडवी जाते ती दिवा-वसई लाईन. जिना चढून वर गेलं की फलाटावर मोजकी माणसं, भरपूर वारा आणि डबे मोजता मोजता कंटाळा येईल अशी कंटेनरची लांबलचक मालगाडी.

ही लाईन मुळात मालासाठीच. मध्य आणि पश्चिम रेल्वे मुंबईच्या गर्दीत न शिरता बाहेरच्या बाहेर जोडायच्या, हा हेतू. १९८९ साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि तिथले कंटेनर पनवेल, दिवा, वसई असे गुजरातकडे, उत्तरेकडे जाऊ लागले. साध्या प्रवाशांची पाळी आली ती १९९०च्या दशकात. आधी डिझेलची गाडी होती, आता विजेवरची मेमू आहे. वसई रोड, जुचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड, कोपर, दिवा... बस्स, एवढीच स्टेशनं.

म्हणजे लाईन 'प्रवाशांसाठी खुली' होऊन पाव शतक उलटून गेलं. पण खुली म्हणजे काय हो? दिवसभरात गाड्या किती, तर हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. एक गेली की पुढची कित्येक तासांनी.

हे मला का बोचतं ते सांगते. माझी ताई जुचंद्रला राहते. भावोजींनी तिथे घर घेतलं, कारण परवडलं आणि स्टेशन जवळ. आई डोंबिवली पश्चिमेला, माझ्याजवळ. गेल्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ताई आठवड्यातून एकदा तरी येते. गाडी मिळाली तर तासाभरात कोपर. चुकली तर वसई-दादर-डोंबिवली. सरळ गेलं तर चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, दादरवरून तोच ऐंशीच्या घरात! बरं, रस्त्याने यावं तर घोडबंदरची वाहतूक.

पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा!) परतीची आहे. ताई आली की पर्स खांद्यावरून काढायच्या आधी घड्याळ बघते. परतीची गाडी पकडायची तर दीड तासात निघायचं, नाहीतर थेट संध्याकाळपर्यंत थांबायचं, आणि तिकडे मुलाची शाळा सुटलेली असते. आई एकदा म्हणाली, "ही मला भेटायला येते की टाईमटेबलला, तेच कळत नाही." आम्ही हसलो. ताई नाही हसली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गाडी आहे आणि गाडीची सोय आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठाणे-डोंबिवलीत आपण टाईमटेबल बघतच नाही. ही गेली तर मागून दुसरी येतेच. या भरवशावर माणसं नोकरी धरतात, घर घेतात, म्हाताऱ्या आईबापांना शब्द देतात. दिवसाला चार-पाच गाड्यांवर शब्द देता येत नाही.

भिवंडीचंच बघा. यंत्रमागांचं, गोदामांचं एवढं मोठं शहर, आणि त्याच्या वाट्याला रेल्वे आली ती हीच. बाकी सगळा भार ठाणे-कल्याणकडे जाणाऱ्या बस आणि रिक्षांवर. मेट्रो ५ ठाणे, भिवंडी आणि कल्याण जोडणार आहे, ती पूर्ण होईल तेव्हा होईल. उलट २०२० पासून भिवंडी रोडहून पार्सल गाड्या मात्र देशभर सुटू लागल्या. माल तिथेही माणसांच्या पुढेच!

आता मालगाड्यांवर माझा राग नाही. तो प्रत्येक कंटेनर रुळांवरून गेला नाही तर ट्रेलरवरून माणकोली नाक्यावर येऊन उभा राहील, आणि आपणच त्याच्यामागे हॉर्न वाजवत बसू. शिवाय कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाल्यापासून गुजरात-राजस्थानहून गोवा-केरळला जाणाऱ्या गाड्याही इथूनच जातात. दोनच रूळ, त्यावर काय काय बसवणार?

म्हणूनच मला आशा आहे ती मालासाठीच्या स्वतंत्र मार्गाची. दादरीपासून जेएनपीटीपर्यंतचा हा मार्ग आपल्याच भागातून, खारबाव-निळजेवरून आखलेला आहे. माल तिकडे वळला की इथे जागा मोकळी होणार. प्रश्न इतकाच, की ती जागा कोणाला मिळणार? पनवेल-वसई उपनगरी मार्गाचा प्रस्ताव वर्षानुवर्षं ऐकतोय. लंडनमध्येही मालगाड्यांच्या सोबतीने चालणारी एक दुर्लक्षित लाईन होती, नॉर्थ लंडन लाईन. २००७ मध्ये ती शहराच्या वाहतूक संस्थेकडे गेली, गाड्या वाढल्या, स्टेशनं नीट झाली आणि माणसं आपोआप आली. 'प्रवासी नाहीत म्हणून गाड्या नाहीत' हे उत्तर तिथे उलटं निघालं.

आपल्याकडे मागणी मोजताना फलाटावर उभी असलेली माणसं मोजतात. जी दादरवरून जातात, रिक्षाने जातात किंवा जाणंच सोडून देतात, ती त्या आकड्यात कुठेच नसतात. माझी ताई महिन्यातून निम्म्या वेळा त्या आकड्यात नसते.

मला फार काही नको आहे. तासाला एक गाडी द्या. म्हणजे चहा झाल्यावरही ताईला आईजवळ जरा बसता येईल.