बजबजला लक्षात राहिलेला सहावा गोल

सियालदह स्टेशनच्या दक्षिण विभागातून बजबज लोकल पकडायची आणि खिडकीची जागा मिळाली तर नशीब समजायचं. बालीगंज, टालीगंज, माझेरहाट अशी शहराची स्टेशनं मागे पडतात. मग संतोषपूर, आक्रा, नुंगी आणि तासाभरात शेवटचं स्टेशन येतं. रुळ तिथे संपतात. पुढे हुगळी नदी.

स्टेशनच्या पाटीवर फक्त ‘बजबज’ नाही, तर ‘कोमागाता मारू बजबज’ असं लिहिलेलं आहे. खरं सांगते, मी इथे आले ती या नावासाठीच. परत निघाले तेव्हा मात्र डोक्यात फुटबॉल होता, आणि तोही मोरोक्कोच्या एका स्ट्रायकरचा!

आधी पाटीची गोष्ट. १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांना घेऊन ‘कोमागाता मारू’ हे जहाज कॅनडातल्या व्हँकुव्हरला पोहोचलं. त्यात बहुतेक पंजाबी शीख होते. मोजके काही सोडले तर कुणालाही तिथे उतरू दिलं नाही. दोन महिने ताटकळून जहाज परत फिरलं आणि २९ सप्टेंबर १९१४ रोजी बजबजला लागलं. इंग्रज सरकारला या लोकांना थेट आगगाडीत कोंबून पंजाबला पाठवायचं होतं. प्रवासी ऐकेनात, तेव्हा गोळीबार झाला आणि सुमारे वीस जणांचा जीव गेला. परक्या देशाने नाकारलं आणि आपल्या किनाऱ्यावर गोळ्या मिळाल्या. त्यांच्या स्मारकाचं उद्घाटन पंडित नेहरूंनी १९५२ मध्ये केलं. कृपाणाच्या आकाराचं ते स्मारक बघताना नकळत आवाज खाली येतो.

याच बजबजला १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद पाश्चात्त्य देशांतून परतताना बोटीतून उतरले आणि इथूनच रेल्वेने सियालदहला गेले. एक स्टेशन अलीकडे बाटानगर आहे. आपण शाळेत घातलेल्या काळ्या बुटांची बाटा कंपनी मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९३० च्या दशकात तिने इथे कारखाना काढला आणि वसाहतच उभी राहिली. थोडक्यात काय, बाहेरून येणारी माणसं या किनाऱ्याला नवी नाहीत.

स्मारक पाहून मी फेरीघाटाजवळच्या एका टपरीवर चहाला थांबले. पलीकडच्या काठावर हावडा जिल्ह्यातलं बाउडिया. बोटी ये-जा करत होत्या. टपरीवाले काका साठीचे असतील. त्यांच्या शेजारी तेरा-चौदा वर्षांचा नातू बसला होता, पायांत फुटबॉलचे मळलेले बूट. कोलकात्यात बोलणं सुरू करायचं असेल तर एकच प्रश्न पुरतो. मी विचारलं, “मोहन बागान की ईस्ट बंगाल?”

नातू माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याचं आडनाव चुकवलंय. “डायमंड हार्बर!” तो म्हणाला.

माझी चूक माझ्या लक्षात आली. बजबज हे डायमंड हार्बर लोकसभा मतदारसंघात येतं आणि ‘डायमंड हार्बर एफसी’ हा इथल्या पोरांचा हक्काचा क्लब. स्थापना २०२२ ची, म्हणजे वयाने या मुलापेक्षाही लहान. पण एकाच हंगामात आय-लीग ३ आणि आय-लीग २ अशा दोन्ही स्पर्धा जिंकून तो आय-लीगमध्ये पोहोचला. २०२५ मध्ये तो पहिल्यांदाच ड्युरँड कप खेळला. ही साधीसुधी स्पर्धा नाही. १८८८ मध्ये शिमल्यात सुरू झालेली, जगातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. गटातल्या सामन्यात मोहन बागानने या नवख्यांना ५-१ असं धुतलं. तरी ते डगमगले नाहीत. उपांत्य सामन्यात त्यांनी चक्क ईस्ट बंगालला २-१ ने हरवलं!

“त्या रात्री इथे कोणी झोपलं नाही,” काका म्हणाले.

“आणि फायनलला?” मी विचारलं.

काका हसले. नातू बुटाची लेस सोडून पुन्हा बांधू लागला.

२३ ऑगस्ट २०२५, सॉल्ट लेक स्टेडियम. समोर गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड. हा अभिनेता जॉन अब्राहमच्या मालकीचा संघ आणि आदल्या वर्षीचा विजेता. डायमंड हार्बर ०-३ ने मागे पडला, एक गोल परत केला, जरा आशा वाटली. मग चौथा बसला, पाचवाही बसला. सामना जवळजवळ संपला असताना नॉर्थईस्टला पेनल्टी मिळाली. बॉलजवळ आला अलाएद्दिन अजाराई. गोल. ६-१.

“पाच झाले होते ना?” नातू पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. “सहावा कशाला मारला?”

त्याचा राग मला पटला. पण अजाराईची कारकीर्द पाहिली की सहाव्या गोलाचं उत्तर सापडतं.

मोरोक्कोचा हा स्ट्रायकर २०२४ मध्ये नॉर्थईस्टकडे आला तेव्हा त्याची तिशी उलटून गेली होती. फुटबॉलमध्ये या वयात लोक निवृत्तीबद्दल विचारायला लागतात. त्याच वर्षीच्या ड्युरँड फायनलमध्ये, याच सॉल्ट लेकवर, नॉर्थईस्ट मोहन बागानविरुद्ध ०-२ ने मागे होता. दुसऱ्या डावात पहिला गोल परत केला तो अजाराईने. तीन मिनिटांत दुसराही झाला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये नॉर्थईस्टने आपली पहिलीवहिली ट्रॉफी उचलली.

त्यानंतरच्या इंडियन सुपर लीगमध्ये त्याने २३ गोल केले. त्याआधी एका हंगामातला विक्रम १८ गोलांचा होता, एफसी गोवाच्या स्पॅनिश कोरोचा. गोव्याच्या वाचकांना मोरोक्कोचे खेळाडूही नवे नाहीत. अहमद जाहू आणि नोआ सदावी यांना त्यांनी डोक्यावर घेतलं होतं. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी देशही मोरोक्कोच. पण वर्ल्ड कपच्या झगमगाटापासून लांब, गुवाहाटी आणि शिलाँगच्या मैदानांवर अजाराईने जे केलं, ते भारतातल्या या लीगमध्ये आधी कुणालाच जमलं नव्हतं.

म्हणजे ०-२ ने हरत असतानाही तो गोल शोधत होता आणि ५-१ ने जिंकत असतानाही. स्कोअरबोर्ड बघून मेहनत कमी-जास्त करणारा तो गडीच नाही. त्या ड्युरँडमध्ये त्याचे आठ गोल झाले, सर्वांत जास्त.

मी हे सगळं नातवाला सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदी-बंगालीत. तो काही बोलला नाही. काकांनी मात्र माझा कप पुन्हा भरला आणि म्हणाले, “मीही याला हेच सांगितलं. तो आपल्याला लहान समजला असता तर पेनल्टी हसत हसत बाहेर मारली असती. त्याने नीट मारली. म्हणजे आपल्याला फायनलची टीम मानलं.”

मी पंचविशीत आहे. बरोबरीच्या मैत्रिणींची लग्नं, प्रमोशनं, नवे फ्लॅट यांचे फोटो बघून मला रोज वाटतं, आपल्याला उशीर झाला. त्या टपरीवर बसून पहिल्यांदा वाटलं की उशीर हा शब्द आपण जरा लवकरच वापरतो.

परतीच्या लोकलची वेळ झाली. निघताना नातवाला विचारलं, “तू कुठल्या जागी खेळतोस?”

“स्ट्रायकर,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “आमच्या टीमच्या पेनल्टी मीच मारतो.”

“आणि पाच-एक ने पुढे असलात तर?”

त्याने आजोबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून हसला. “तरी नीटच मारणार.”

तुम्ही कोलकात्याला गेलात तर व्हिक्टोरिया मेमोरियल बघालच, पण अर्धा दिवस बजबजसाठी ठेवा. स्मारकापाशी दोन मिनिटं थांबा, घाटावर चहा घ्या. आणि तिथे कुणालाही ‘मोहन बागान की ईस्ट बंगाल’ विचारू नका!