नवऱ्याच्या पासपोर्टवरचं राहणं

आमची धाकटी बहीण बोरीवलीतल्या बौद्ध वस्तीत वाढली. नवरा आय. सी. कॉलनीतला गोवेकर ख्रिश्चन. त्याचे वडील १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले, म्हणून त्याला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं. लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने झालं. तीस दिवस नोटीस फलकावर होती, तेवढे दिवस आमच्या घरात झोप नव्हती.

दोघं आयर्लंडला गेले. तिथे तिचं राहणं नवऱ्याच्या नागरिकत्वावर. "ताई, उद्या याने सोडलं तर?" असं ती फोनवर विचारायची.

युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार, दुसऱ्या सदस्य देशात युरोपीय नागरिकासोबत सलग पाच वर्षे कायदेशीर राहिलेल्या जोडीदाराला कायम निवासाचा हक्क मिळतो. वर्षाला एकूण सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलं तरी सलगता तुटत नाही. एकदा मिळाला की तो हक्क तिचा स्वतःचा.

पाच वर्षे भरली. अर्जासाठी कागद काढले, तर भाडेकरार, वीजबिल सगळं नवऱ्याच्या नावावर! तिच्या नावाच्या पगारपावत्यांनीच निभावलं.

हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, हे १९५१ साली बाबासाहेबांच्या राजीनाम्याचं एक प्रमुख कारण होतं. स्त्रीचा हक्क तिच्या स्वतःच्या नावावर हवा, हाच तो प्रश्न. मग आपल्या वस्तीत किती घरं, किती वीजबिलं बाईच्या नावावर आहेत? परदेशाचं सोडा, मित्रांनो. आज घरी जाऊन तेवढं तपासा.

जय भीम!