किती वाजले?

मराठीत वेळ विचारताना आपण जे क्रियापद योजतो ते कानाच्या अनुभवातून आलेले आहे. ‘किती वाजले?’ असे आपण विचारतो. कोठेतरी ठोके पडत असावेत आणि ऐकणाऱ्याने ते मोजावेत, ही व्यवस्था त्या प्रश्नात गृहीत आहे. ‘तास’ हा शब्दही असाच. ठोके देण्याची काशाची थाळी आणि तिच्या ठोक्यांनी मोजला जाणारा काळ, असे त्याचे दोन्ही अर्थ आपल्या जुन्या कोशांत सापडतात.

नोकरीनिमित्त चेन्नईत राहावयास आल्यावर हा विचार अधिक स्पष्ट झाला. येथे शेजारी एकमेकांस ‘मणि एन्न?’ असे विचारतात. तमिळमध्ये ‘मणि’ म्हणजे घंटा, आणि मणि म्हणजेच तासही. तेलुगूतील ‘गंट’, कन्नडातील ‘गंटे’ आणि हिंदीतील ‘घंटा’ हे शब्दही हीच साक्ष देतात. घड्याळाच्या मनोऱ्याला तमिळ माणूस ‘मणिक्कूण्डु’, म्हणजे घंटेचा पिंजरा, असे म्हणतो. या शब्दात तबकडीचा वा काट्यांचा मागमूस नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हा पिंजरा मनगटावर मावेल इतका लहान करण्याचे काम युरोपातील घड्याळजींनी केले. रात्री वेळ पाहावयाची तर दिवा पेटवावा लागे. ती अडचण दूर करण्याच्या प्रयत्नातून विचारल्यावर ठोके देणारे घड्याळ जन्मास आले. १६८७ मध्ये लंडनमध्ये डॅनियल क्वेअर आणि एडवर्ड बार्लो या दोघांनी अशा खिशातील घड्याळाच्या शोधावर हक्क सांगितला. दोन्ही घड्याळे राजा दुसरा जेम्स याच्यापुढे ठेवण्यात आली आणि एकाच कळीने तास व पाव तास दोन्ही वाजविणारे क्वेअरचे घड्याळ पसंत पडले. पुढे ब्रेगे या घड्याळजीने आतील छोट्या घंटेऐवजी पोलादी तारेचे वेटोळे बसविले, त्यामुळे घड्याळ सडपातळ झाले. १८९२ च्या सुमारास हे यंत्र मनगटी घड्याळात शिरले. मिनिट रिपीटर या नावाने ते ओळखले जाते.

त्याची रचना थोडक्यात अशी. घड्याळाच्या कडेची पट्टी सरकविली की केवळ ठोक्यांसाठी असलेली एक कमान ताणली जाते. आत शंखाच्या आकाराच्या, पायऱ्या कोरलेल्या चकत्या असतात: एक तासांची, एक पाव तासांची, एक मिनिटांची. एकेक दांडी आपापल्या चकतीवर टेकते आणि ती जितकी खोल उतरेल तितके ठोके दोन इवल्या हातोड्या देतात. तासांचा सूर खर्जातला, मिनिटांचा उंच, आणि पाव तासासाठी दोन्ही सूर पाठोपाठ. बारा वाजून एकोणसाठ मिनिटांनी कळ दाबली तर सर्वांत दीर्घ उत्तर मिळते: बारा खर्जाचे ठोके, तीन जोडठोके आणि चौदा उंच.

असे घड्याळ मी एकदाच ऐकले. माझ्या आईची दृष्टी उतारवयात काचबिंदूने गेली आणि ती आमच्याकडे चेन्नईस राहावयास आली. तिला तमिळ येत नव्हते, आणि गावच्या घरी ज्या आवाजांवरून ती दिवसाचा अंदाज बांधीत असे त्यांतील एकही येथे नव्हता. दिवसातून वीसदा ती वेळ विचारी. प्रत्येक वेळी विचारण्यापूर्वी ती क्षणभर थांबे. तो संकोच मला तिच्या अंधत्वाहून अधिक जाणवे. वेळ बोलून सांगणारे एक स्वस्त घड्याळ मी आणले. त्यातील बाईच्या आवाजाला ती वैतागली आणि दोन दिवसांत ते कपाटात गेले.

एका वृद्ध तमिळ स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळचा रिपीटर होता. एका दुपारी ते आमच्याकडे आले असता त्यांनी तो आईच्या तळहातावर ठेवला व पट्टी कशी सरकवावी ते तिच्या बोटांना दाखविले. चार खर्जाचे ठोके पडले, मग दोन जोडठोके, मग सात बारीक. हिशेब तिला आधी समजावून दिला होता. ती पुटपुटत मोजीत राहिली आणि म्हणाली, “चार वाजून सदतीस. म्हणजे चहाची वेळ टळून गेली की.” आम्ही कोणीच तिला वेळ सांगितली नव्हती. बोलक्या घड्याळाने तिला वेळ कळविली होती. येथे ती तिने स्वतः मोजून काढली होती.

परंतु हे स्वातंत्र्य फार महाग आहे. २०१९ मध्ये जिनिव्हा येथील धर्मादाय लिलावात पाटेक फिलिपचे ठोके देणारे एक मनगटी घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकना विकले गेले. ते घेणाऱ्याला अंधारात वेळ कळण्याची अडचण असेल असे वाटत नाही. ज्यांना ती होती त्यांच्यासाठी आपल्याकडे एचएमटीने ब्रेल घड्याळ काढले होते; काच उघडून उंचवट्यांवरून बोट फिरवावयाचे. त्या कंपनीचे घड्याळांचे कारखानेही आता बंद झाले आहेत.

त्याआधी ठोके सर्वांचे होते. नुंगम्बाक्कम येथे १७९२ मध्ये उभारलेल्या वेधशाळेने मद्रासची वेळ ठरविली, आणि तिच्या घड्याळाच्या आधारे रोज रात्री आठ वाजता तोफ डागली जाई. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मद्रासची घड्याळे सुमारे नऊ मिनिटे पुढे करावी लागली. मुंबईचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. त्यास देणगी देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांच्या आईला दिसत नव्हते, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाचे जैन व्रत तिला टोल ऐकून पाळता यावे हा त्यामागे हेतू होता, असे सांगतात. ही कथा खरी असो वा नसो, एका आईसाठी वाजलेला टोल सगळ्या फोर्टात ऐकू गेला, हे मात्र खरे.

रिपीटरने तोच टोल बाहीआड नेला. तरीही आईने मोजलेली ती वेळ मी उणी लेखणार नाही. पुढेही ती मला वेळ विचारीत राहिली, कारण ते घड्याळ त्याच संध्याकाळी आपल्या मालकाबरोबर परत गेले. मात्र ‘किती वाजले?’ हा प्रश्न मला तेव्हापासून निराळा ऐकू येऊ लागला. तो भूतकाळात आहे. टोल पडून गेले आहेत, मला ते ऐकू आले नाहीत, तुला आले असतील तर सांग, इतके त्यात आहे. तसे विचारणाऱ्याला संकोच वाटावा असे त्या शब्दांत काही नाही. आंधळा आणि डोळस दोघेही मराठीत वेळ त्याच शब्दांनी विचारतात.